घराचे मार्क

आमच्या घराला कमी मार्क पडावेत अशी माझी मनापासून इच्छा होती. मराठी घरात वाढलेल्या बाईने असं वाक्य तोंडातून काढायला धाडस लागतं, त्यात सासरे निवृत्त मुख्याध्यापक असतील तर फारच. पण प्रश्न चाळीस हजार डॉलर्सचा होता, आणि तेही बिनव्याजी.

झालं असं की कॅनडा सरकारने २०२१ साली ‘ग्रीनर होम्स’ नावाची योजना काढली. घरातली ऊब बाहेर गळू नये म्हणून खिडक्या बदला, भिंती-माळ्यात इन्सुलेशन भरा, गॅसच्या फर्नेसऐवजी हीट पंप बसवा. पाच हजारांपर्यंत अनुदान आम्ही देतो. पुढच्या वर्षी कर्जही सुरू झालं. चाळीस हजारांपर्यंत, फेड दहा वर्षांत, व्याज शून्य. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारून घेतलं. “बिनव्याजी पैसे देणारा माणूस आपल्या सात पिढ्यांत झाला नाही,” त्या म्हणाल्या, “आणि हे परके लोक देतायत? नीट वाचलंस ना?”

नीटच वाचलं होतं. अट एकच, पण चिवट. कामाला हात लावण्याआधी सरकारच्या यादीतला एनर्जी अ‍ॅडव्हायझर घरी बोलवायचा. तो घराची परीक्षा घेणार, अहवाल देणार, आणि त्या अहवालात जे काम सुचवलं असेल त्याच कामाला पैसे. काम झालं की तो पुन्हा येणार, पुन्हा परीक्षा. आमच्या ओळखीतल्या एका अत्यंत तत्पर गृहस्थांनी योजना कानावर पडताच तिसऱ्या दिवशी सगळ्या खिडक्या बदलून टाकल्या आणि मग अर्जाचं बघायला बसले. त्यांना एक सेंटही मिळाला नाही. आजार कागदावर यायच्या आत बरे झाले बिचारे.

तेव्हा माझा हिशेब साधा होता. पहिल्या परीक्षेत घर जितकं फाटकं दिसेल तितकं बरं. आणि घर मुळात होतंच फाटकं. हॅमिल्टनमधलं १९६२ सालचं बांधकाम. जानेवारीत दिवाणखान्याच्या खिडकीपाशी बसलं तर डाव्या कानाला वेगळं हवामान आणि उजव्याला वेगळं.

आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, मात्र हे तत्त्वच मान्य नव्हतं. ते आणि सासूबाई वाईहून सहा महिन्यांसाठी आले होते. “परीक्षा म्हणजे परीक्षा,” ते म्हणाले. “मुद्दाम नापास व्हायचं? उद्या शाळेत नातवाला हेच शिकवणार का?” मी म्हटलं, “आप्पा, नापास होत नाही कुणी. फक्त खरं दिसू द्यायचं.” त्यावर ते काही बोलले नाहीत, आणि आप्पा काही बोलले नाहीत की घरात काहीतरी घडणार असतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी उठून पाहते तर मागच्या दाराखाली त्यांचा पंचा घट्ट सुरळी करून कोंबलेला, आणि दिवाणखान्याच्या खिडकीला चौफेर तपकिरी चिकटपट्टी. तीही पट्टीने रेघ मारावी तशी सरळ.

सासूबाईंनी त्यांच्या बाजूने हॉल लख्ख केला होता. सोफ्यावर नवी चादर, टीपॉयवर चिवड्याची बशी. माणूस आला, बूट काढले, नमस्कार केला आणि हॉलकडे ढुंकूनही न बघता विचारलं, “फर्नेस कुठे आहे?” पुढचे दोन-अडीच तास हा गृहस्थ नेमका त्याच जागी हिंडला, जिथे आपण पाहुण्याला मरेपर्यंत जाऊ देत नाही. बेसमेंटचा कोपरा. गिझरच्या मागची भिंत. माळ्यावर जायची झडप मुलीच्या कपाटात निघाली. कोणी येणार म्हटलं की आम्ही घरातला यच्चयावत पसारा ज्या कपाटात ढकलतो, तेच ते कपाट. ते उघडल्यावर आधी दोन उश्या, मग एक हार्मोनियम आणि शेवटी झडप बाहेर आली. त्याने शांतपणे फोटो काढला. तो फोटो आता कॅनडा सरकारच्या दप्तरी असेल.

मग त्याने बॅटरी घेऊन माळ्यात डोकं घातलं, इन्सुलेशनची जाडी मोजली. बाहेर जाऊन भिंती मोजल्या, खिडक्या मोजल्या. आप्पा हातात वही घेऊन त्याच्या मागे दोन पावलं. सुपरवायझर या नात्याने.

आणि मग आला मुख्य पेपर. त्याने पुढचं दार सताड उघडलं, चौकटीत लाल कापडाचा पडदा ताणून बसवला आणि पडद्याच्या खालच्या भोकात एक दांडगा पंखा अडकवला. बाहेरच्या खिडक्या-दारं बंद, आतली सगळी उघडी. पंखा घरातली हवा बाहेर उपसतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा पन्नास पास्कलने उतरला की जिथे जिथे फट आहे तिथून बाहेरची हवा आत घुसते. चारी बाजूंनी एकदम ताशी तीसेक किलोमीटरचा वारा सुटावा, इतका हा जोर. किती हवा उपसावी लागली त्यावरून घर किती गळकं ते कळतं.

पंखा घुमायला लागला आणि घर बोलायला लागलं. कुठे हुंकार, कुठे फुसफुस. आप्पांची चिकटपट्टी एका टोकाने सुटली आणि तिने जी शीळ धरली ती माझ्या मुलाच्या मित्रांत अजून प्रसिद्ध आहे. मागच्या दाराखालून पंचा हळूहळू सरकत आत आला आणि पॅसेजच्या मध्यावर येऊन थांबला. अ‍ॅडव्हायझरने त्याच्याकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं आणि तो पुढे गेला. आप्पांनी वही मिटली.

फटी दाखवायला त्याच्याकडे धूर सोडणारी एक पेन्सिल होती. ती अर्ध्यातच संपली. सासूबाई आत गेल्या आणि उदबत्ती पेटवून घेऊन आल्या. “घ्या. मोगरा आहे.” त्याने ती खरोखरच घेतली. उदबत्तीचा धूर स्विचबोर्डापाशी आडवा झाला, छतातल्या दिव्यांपाशी गरकन फिरला, देव्हाऱ्यामागच्या प्लगपाशी तर चक्क उलटा वळला. सासूबाईंनी प्रत्येक ठिकाणी मनोभावे हात जोडले. एवढी मन लावून पाहणी इथल्या कुठल्या वास्तुशांतीतही झाली नव्हती.

निकाल असा: पंखा चालू असताना घरातली हवा तासाला नऊ वेळा पूर्ण बदलत होती. इथल्या ‘आर-२०००’ या कडक मानकात हा आकडा दीडच्या वर जाता कामा नये. सगळ्या फटी गोळा करून एकच भोक केलं तर ते केवढं होईल, हेही अहवालात असतं. आमचं सुमारे दीड फूट लांब, दीड फूट रुंद. “म्हणजे मांजर जाईल,” सासूबाई म्हणाल्या. “कुत्रं जाईल,” आप्पा खिन्नपणे म्हणाले.

या हवाबंद घरांच्या वेडाची मुळं इथेच आहेत, हे मला नंतर कळलं. १९७३च्या तेलसंकटानंतर, १९७७ साली सास्काचेवान प्रांतातल्या रजायना शहरात प्रयोग म्हणून एक घर बांधलं. जाड भिंती, फट म्हणून नाही, आणि उणे तीसच्या थंडीत फर्नेसच नाही. जर्मनांचं नावाजलेलं ‘पॅसिव्ह हाउस’ पुढे त्याच विचारावर उभं राहिलं. कॅनडाने मात्र ते घर बांधलं आणि बराच काळ विसरून गेला. या बाबतीत आपलं आणि त्यांचं जमेल.

अंतिम मार्क आले तेव्हा आप्पांचा आणखी एक अपेक्षाभंग झाला. आकडा होता १९०. “कितीपैकी?” कितीपैकी नाही, वर्षाला १९० गिगाज्यूल ऊर्जा खाणारं घर, आणि आकडा जितका कमी तितकं घर हुशार. पूर्वी इथेही शंभरपैकी गुण देत असत. ती पद्धत मोडल्याचं आप्पांना वैयक्तिक दुःख झालं. त्यातून आणखी एक गोम. हा आकडा काढणारं सॉफ्टवेअर आमचं कुटुंब विचारातच घेत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक घरात दोन मोठी माणसं आणि एक मूल, तीही अर्धा वेळ घराबाहेर. दिवसा थर्मोस्टॅट एकवीसवर, रात्री अठरावर. कारण मार्क घराला द्यायचे, माणसांना नाही. सासूबाईंनी चोवीसवर लावलेला थर्मोस्टॅट, तीन तास शिजणारे हरभरे, गणपतीत गाद्या टाकून झोपणारे अकरा जण, यातलं काहीच धरलेलं नाही. दोन मोठी माणसं, एक मूल, अर्धा वेळ बाहेर. हे कुटुंब कुठे राहतं ते मला एकदा बघायचं आहे. त्यांच्याकडे चहाला जावंसं वाटतं, पण ते घरी नसणार.

कर्ज मंजूर झालं. काम झालं. माळ्यात पाइपने सेल्युलोज फवारलं. सेल्युलोज म्हणजे मुख्यतः जुन्या वर्तमानपत्रांचा चुरा. वाईला चाळीस वर्षांची वर्तमानपत्रं महिनावार बांधून ठेवणाऱ्या आप्पांनी त्या वेळी सासूबाईंकडे ज्या नजरेने पाहिलं ती शब्दांत पकडता येणार नाही. रद्दीवर सरकार बिनव्याजी कर्ज देतं, हा त्यांच्या संसारातल्या सर्वांत जुन्या भांडणाचा निकाल होता.

हीट पंपाने सासूबाईंची झोप उडवली. बाहेर उणे पंधरा, आणि हे यंत्र त्या हवेतून ऊब काढणार? नवऱ्याने त्यांचा हात फ्रिजच्या मागे नेऊन ठेवला आणि आतली उष्णता बाहेर कशी फेकली जाते ते समजावलं. त्यांना पटलं, पण दया आली. “म्हणजे बाहेरची हवा आणखी गार करतोय आपण. शेजारच्यांचं काय?”

सगळ्या फटी बुजवल्यावर नवंच संकट उभं राहिलं. घर इतकं घट्ट झालं की रविवारची ठेच्याची फोडणी बुधवारपर्यंत मुक्कामाला. तेव्हा कळलं की घर हवाबंद केलं की हवा यायला यंत्र लावावं लागतं. जुनी हवा बाहेर टाकायची आणि जाता जाता तिची ऊब नव्या हवेला द्यायची, असं ते काम. भोकं बुजवायला आधी पैसे, मग भिंतीत नवी दोन भोकं पाडायला पुन्हा पैसे. मला यात विसंगती दिसली. नवऱ्याला इंजिनीअरिंग दिसलं.

दुसऱ्या परीक्षेला तोच अ‍ॅडव्हायझर आला. पंचा नाही, चिकटपट्टी नाही. पंखा घुमला, घर गप्प. आकडा १९० वरून १०८ वर. अशी कर्जं आता मिळत नाहीत, २०२५च्या ऑक्टोबरात नव्या अर्जांचं दार बंद झालं, त्यामुळे सध्या आमच्या ओळखीच्यांत आम्ही फार दूरदर्शी समजले जातो.

आप्पा मात्र वहीत काहीतरी मांडत होते. एक गिगाज्यूल म्हणजे २७८ युनिट. वाईच्या घराचं बिल महिन्याला शंभर युनिट. वर्षाचे बाराशे, म्हणजे साडेचार गिगाज्यूलसुद्धा नाहीत. वर्षाला आठ सिलिंडर, ते सव्वापाच. त्यांनी बेरजेखाली दोन रेघा ओढल्या आणि वही अ‍ॅडव्हायझरपुढे धरली. “माय हाउस. लेस दॅन टेन.”

त्याने चष्मा कपाळावर चढवला. दहाच्या आत? त्याने आयुष्यात असं घर पाहिलं नव्हतं. भिंती कशाच्या? दगड-मातीच्या. छप्पर? कौलारू, तीन कौलं फुटलेली. खिडक्या? बंद होत नाहीत. तो गोंधळला. “मग हीटिंगला काय आहे?”

“सोलर,” आप्पा म्हणाले. “फार जुनं. आजोबांच्या आधीपासून.”

त्याने लगेच पेन काढलं आणि विचारलं, त्यावर सबसिडी किती मिळाली.