विलायती गाडीचं मूळ गाव

माथेरानवर मोटारीला मज्जाव, म्हणून जुन्या विलायती गाड्या मिरवण्याची सगळी हौस खाली नेरळ-कळंबच्या फार्महाउसांत भागवली जाते. शेडमधली ताडपत्री बाजूला झाली, की मालक हमखास सांगतो, 'ओरिजिनल इंग्लंडची!' माझं म्हणणं एवढंच, की गाडी इंग्लंडची असेल, पण ती जोडली इथेच असण्याची शक्यता दांडगी. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला. तिथे शेवरोलेबरोबर विलायती व्हॉक्सहॉलही जोडल्या जात. ऑस्टिन ए-४० मद्रासला अशोक मोटर्स जोडायची. हिंदुस्थान मोटर्सने १९४२ साली ओखा बंदरात बस्तान मांडलं आणि १९४८ साली मॉरिससकट बंगालात उत्तरपाड्याला हलवलं. बोटीतून यायच्या त्या पेट्या. त्यांची मोटार करायचे इथले कामगार.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: 'डायनामोवर मेड इन इंग्लंड लिहिलंय की!' लिहिलेलं खरंच आहे, पण ते डायनामोपुरतं. त्यावरून अख्खी गाडी विलायतेत जोडली म्हणणं म्हणजे मुलीच्या मामाचं गाव पुणे, म्हणून मुलगी पुण्याची ठरवण्यासारखं. दुसरा पुरावा आरसी बुकाचा. तर नंबर जुन्या मुंबईच्या बीएमचा असो की पनवेलचा एमएच-४६, तो गाडीची नोंदणी कुठे झाली ते सांगतो, जोडणी कुठे झाली ते नाही. इंजिन नंबरवर तर मुळीच विसंबू नये. पेट्रोल महागलं तेव्हा किती साहेबी गाड्यांच्या पोटात डिझेल इंजिनं गेली, ते मिस्त्रीलोकांना विचारावं. खरं बोलते ती बॉनेटखाली, फायरवॉलवर रिवेट मारलेली पत्र्याची पाटी. १९५०च्या दशकातल्या मॉरिस मायनरच्या चॅसिस नंबरात आधी तीन अक्षरं, मग आकडे येतात. त्यातला पहिला आकडा १ असेल तर गाडी खुद्द इंग्लंडात विकायला केलेली, २ असेल तर उजव्या स्टिअरिंगची तयार गाडी निर्यातीसाठी, आणि ५ असेल तर उजव्या स्टिअरिंगचीच, पण सुट्या भागांत पाठवलेली. मात्र रिवेटच्या जागी चकचकीत स्क्रू दिसले, तर पाटीचीही साक्ष उलटतपासणीशिवाय घेऊ नये.

कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशाला? सुटे भाग तेच, नकाशा तोच, मग बोल्ट कुणी आवळले याला काय महत्त्व? महत्त्व आहे. उत्तरपाड्यातल्या फिटरचं श्रेय परस्पर ऑक्सफर्डच्या खात्यावर जमा होतं, ते बरं नव्हे. शिवाय त्यात मालकाने कमीपणा मानण्यासारखंही काही नाही. मोटार पेट्यांत भरून का यायची? जहाजात जागा कमी लागे आणि जकातही कमी पडे. तेव्हा पत्रा बर्मिंगहॅमचा असो की ल्यूटनचा, जकात वाचवण्याची ही युक्ती बघून तरी गाडीला आपल्यातली म्हणायला हरकत नसावी.