मासे मोजायचे कुणी?

अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर हेरिंग पकडणाऱ्या बोटींवर सरकारचा निरीक्षक चढतो. जाळ्यात काय आलं, काय परत समुद्रात टाकलं, याची नोंद ठेवतो. कायद्याने ते ठीकच आहे. पण त्याचा रोज, दिवसाला ७०० डॉलरच्या आसपास, बोटमालकानेच भरावा असा नियम फेडरल मत्स्यखात्याने २०२० साली काढला. हेरिंगच्या बोटींबद्दल कायद्यात तसं कुठेही स्पष्ट लिहिलेलं नाही. मच्छीमार चिडले, कोर्टात गेले. त्यांचा राग रास्त होता.

निकाल मात्र त्यांच्या खिशापुरता राहिला नाही. २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘लोपर ब्राइट’ खटल्यात पगार कुणी द्यायचा हा प्रश्न खालच्या कोर्टाकडे परत धाडला आणि १९८४ पासून चालत आलेला ‘शेवरॉन’ दंडक मोडीत काढला. कायद्याचं वाक्य संदिग्ध असेल आणि खात्याने लावलेला अर्थ वाजवी असेल, तर न्यायाधीशाने आपला अर्थ पुढे रेटू नये, एवढाच तो दंडक. त्याचा आधार फेडरल कोर्टांच्या हजारो निकालांना होता.

हा दंडक डाव्यांचं पिल्लू असल्याचा प्रचार खोटा आहे. १९८४ मध्ये जिंकलं ते रेगन सरकार. त्यांच्या पर्यावरण खात्याने कारखान्यांना सवलत देणारा अर्थ लावला होता, खूश झाली ती शेवरॉन तेलकंपनी, आणि हरले पर्यावरणवादी. खात्याने तो अर्थ लावला तेव्हा त्याच्या प्रमुख होत्या ॲन गोर्सच. चाळीस वर्षांनी तो दंडक पुरणाऱ्या सहा न्यायमूर्तींत त्यांचे चिरंजीव नील गोर्सच होते.

याच नील गोर्सच यांनी लोपर ब्राइटच्या आदल्याच दिवशी हवेच्या प्रदूषणाबाबत बहुमताचा निकाल लिहिला होता. त्यात धुरकं वाढवणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडऐवजी नायट्रस ऑक्साइड छापून आलं. म्हणजे दाताचे डॉक्टर गुंगीसाठी देतात तो वायू. एकदा नव्हे, पाचदा. मग दुरुस्ती झाली. हातचूक म्हणून हे सोडून द्यायला मी तयार नाही. लिहिणारे न्यायमूर्ती, त्यांचे सहायक, सही करणारे आणखी चार न्यायमूर्ती, कुणाच्याही नजरेला ते खटकलं नाही. पर्यावरण खात्यातल्या साध्या रसायनतज्ज्ञाने ते पहिल्याच ओळीत धरलं असतं. आता कायद्याच्या अर्थाबाबत त्या तज्ज्ञाच्या खात्याचं मत कोर्ट ऐकून घेईल, पण मानायला बांधील नसेल.

लोपर ब्राइटच्या निकालात सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स म्हणतात, कायद्याचा अर्थ लावणं हे न्यायाधीशाचंच काम, १९४६चा प्रशासन-कार्यपद्धती कायदाही तेच सांगतो. मुद्दा पोकळ नाही. राष्ट्राध्यक्ष बदलला की खात्याचा अर्थही बदलतो, हा जाच खरा आहे. पण राष्ट्राध्यक्षाला चार वर्षांनी घरी बसवता येतं. फेडरल न्यायाधीश तहहयात बसतो. शिवाय कोर्ट निवडायची सोय आहेच: टेक्सासमधल्या अमारिलोत दावा लावला की तो जवळपास ठरलेल्या एकाच न्यायाधीशापुढे जात आला आहे. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विरोधी मतात सरळ उदाहरणं दिली. अमुक अमिनो आम्लांची साखळी प्रथिन मानायची का? तमुक भागातल्या खारी संरक्षणासाठी वेगळा गट मानायच्या का? याचं उत्तर कायद्याच्या पदवीत सापडत नाही.

सगळ्यात मोठा दोष अमेरिकी काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. ‘योग्य’, ‘आवश्यक’, ‘वाजवी’ असले ढगळ शब्द कायद्यात घालायचे आणि मोकळं व्हायचं. अधिकाऱ्याने अर्थ लावला की त्याला हुकूमशहा ठरवायचं, न्यायाधीशाने लावला की त्याला. हवेच्या कायद्यात काँग्रेसने शेवटची मोठी दुरुस्ती केली १९९० साली. त्यानंतर हवामानाचं अख्खं विज्ञान पुढे गेलं, कायद्याचा गाभा तिथेच.

न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या मराठी घरांना हे दूरचं वाटू नये. एच-१बी व्हिसावरच्या नवऱ्याबरोबर गेलेल्या, ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेल्या कितीतरी शिकल्यासवरल्या बायका आज नोकरी करतात त्या २०१५च्या एका नियमावर. तो काँग्रेसने नव्हे, गृहसुरक्षा खात्याने काढला. त्याला आव्हान मिळालं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे लोपर ब्राइटनंतर, वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो टिकवला. बरं झालं. पण खात्याने काढलेला नियम पुढचं खातं मागे घेऊ शकतं आणि पुढचं कोर्ट त्याचा वेगळा अर्थ लावू शकतं. या बायकांचा हक्क काँग्रेसने कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहावा, ही मागणी तिथल्या आपल्या लोकांनी आपापल्या मतदारसंघातल्या खासदाराकडे नाव-पत्त्यानिशी करायला हवी.