क्वेरीवाले काका

कुठल्याही बँकेच्या हेड ऑफिसात, आयटीच्या कोपऱ्यात, एक क्वेरीवाले काका सापडतातच. चष्मा कपाळावर, खिशात दोन पेनं (त्यातलं एक चालत नाही) आणि तोंडी सतत एसक्यूएलचं ‘केस व्हेन’. डेटाबेसमधला आकडा साहेबांपुढे जसाच्या तसा ठेवणं म्हणजे, काकांच्या मते, पाहुण्याला वरणाशिवाय भात वाढणं. खात्याच्या रकान्यात ‘ए’ असेल तर ‘चालू’, ‘सी’ असेल तर ‘बंद’. दोन्ही नसेल तर ‘एल्स’मध्ये ‘शाखेत विचारा’. हे ‘शाखेत विचारा’ एकदा थेट ऑडिटरांच्या हातातल्या तक्त्यात छापून आलं. ऑडिटर खरंच शाखेत गेले.

काका मूळचे ओरॅकलच्या ‘डिकोड’वर पोसलेले. डिकोडला फक्त बरोबरी कळते, कमीजास्त कळत नाही. “आम्ही वजाबाकी करून ‘साइन’ लावायचो, तेव्हा कुठे नव्वद दिवसांच्या वर थकलेली कर्जं हाती लागायची,” हे नव्या पोरांना चहाबरोबर ऐकावंच लागतं. ‘केस’ १९९२च्या एसक्यूएल प्रमाणात आलं. म्हणजे काकांच्या लेखी कालपरवाचंच.

मध्ये एका ट्रेनी मुलीने थकीत कर्जांचा रिपोर्ट केला. पहिलीच अट : दिवस शून्याहून जास्त, तर ‘एसएमए ०’, म्हणजे थकबाकीची पहिली पायरी. त्याखाली ३०, ६०, ९० अगदी नीट. पण ‘केस’ वरून खाली बघतं आणि पहिली खरी अट भेटली की तिथेच बसतं. झालं! सगळे थकबाकीदार पहिल्याच पायरीवर. बँकेत एनपीए औषधालाही उरला नाही. मॅनेजरसाहेब पेढे सांगायच्या बेतात होते. काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, ९०ची अट उचलून सर्वांत वर ठेवली, मग ६०, मग ३०. “बाळा, मोठ्या थकबाकीदाराला आधी गाठायचं.”

इथवर काका देवमाणूस. अडचण त्यांच्या हौसेची. रकमेलासुद्धा ‘केस’ लावून ते ‘९ लाख’, ‘१२ लाख’ असा मजकूर करून देतात. मग यादी उतरत्या क्रमाने लावली की ९ लाखवाला १२ लाखवाल्याच्या डोक्यावर, कारण मजकुरात आधी पहिलं अक्षर बघतात आणि एकापेक्षा नऊ मोठा. एक्सेलमध्ये त्या रकान्याची बेरीज येते शून्य. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं, “पण दिसतंय किती छान!”

तेव्हा काकांकडून रिपोर्ट घेताना रक्कम मूळ आकड्यात, वेगळ्या रकान्यात मागून घ्या. सजवलेला रकानाही शेजारी असू द्या. साहेब तेवढाच वाचतात.