डाव्या पायाची पेन्शन

ऑटोमॅटिक गाडी घेतली की डाव्या पायाला पेन्शन लागते, असं सगळे सांगतात. त्या पायाच्या जागी नेमलेल्या यंत्राची हमी वेगळे पैसे मोजून वाढवून घ्यावी लागते, हे पेढे वाटून झाल्यावर कळतं.

आमचे मेव्हणे सोलापुरी चादरीच्या धंद्यातले. शोरूममधल्या पोराने एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "आम्ही चादर विकताना रंग जाणार नाही म्हणून सांगतो बे. रंग जाईल, वरचे पैसे ठेवा, असं नाही सांगत." बोलून झाल्यावर सही केलीच. नव्या गाडीपुढे कोण वाद घालणार?

मेव्हण्यांची गाडी एएमटी जातीची ऑटोमॅटिक. 2014 साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर ही एएमटी आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांत आली. आत गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लच प्लेटही तीच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र. गर्दीत माणूस न्यूट्रल टाकून सुस्कारा सोडतो, यंत्राला तेवढा पोच नाही. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानाजवळ गाड्या वीतवीत सरकतात, तेव्हा ते हाफ क्लचवर रेटत राहतं आणि भज्यांच्या वासात एक करपट वास मिसळतो.

मेव्हण्यांच्या गाडीचा असाच क्लच गेला. वॉरंटीच्या कागदात गिअरबॉक्स होता, क्लच दाबणारा ॲक्च्युएटर होता. क्लच प्लेट मात्र वायपर आणि ब्रेक पॅडच्या रांगेत, झिजणाऱ्या मालात.

"सर, तुम्ही चालवता कशी?" सर्व्हिसवाल्याने विचारलं.

"मी कुठं चालवतो? क्लच ती दाबते, गिअर ती टाकते. मी नुसता समोर बघत बसतो."

गिअर कधी बदलायचा हे गाडीने ठरवायचं आणि क्लच जळाला की सवय मालकाची, ही वाटणी मला फार आवडली. संसारातही इतकी सफाई नसते.

चीनमध्ये मात्र अशी वाटणी चालली नाही. तिथे 15 मार्च 2013ला, जागतिक ग्राहक हक्क दिनी, सरकारी टीव्हीने फोक्सवॅगनच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाऱ्हाणी दाखवली. पाठोपाठ कंपनीने 3 लाख 84 हजारांवर गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. आपला ग्राहक दिन 24 डिसेंबरचा. भाषणं चांगली होतात. जिल्हा ग्राहक आयोगाची वाट आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, पण मेव्हण्यांची गाडी नेमकी त्याच्या वरची. शिवाय दोष बनावटीतला की वापरातला, यावर घोडं अडतं. तिथे तज्ज्ञाचा अहवाल लागतो.

तज्ज्ञ म्हणून आम्हाला होटगी रोडचा मिस्त्रीच माहीत. त्याने प्लेट उन्हात धरली, कडेच्या निळ्या झालेल्या डागावरून बोट फिरवलं.

"अहवाल लिहून देतोस का?" मेव्हण्यांनी विचारलं.

"लिहायचं मला जमत नाही मालक. सिग्नलला न्यूट्रल टाकत जावा."

"मग ऑटोमॅटिकचे पैसे कशाला मोजले मी?"

"ते शोरूमला विचारा की," म्हणत त्याने हाताखालच्या पोराकडे दहाचा पाना मागितला.