प्रकरण : कुत्रा (मोठा)

फाइल हिरव्या रंगाची होती आणि तिच्यावर काकाजींनी बँकेतल्या सवयीनं वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'प्रकरण – कुत्रा (मोठा). उद्देश – घराची राखण व नातवाचा हट्ट.' आत रकाने आखलेले. भांडवली खर्च, आवर्ती खर्च, नैसर्गिक आपत्ती. फाइलमध्ये सगळं होतं, अंगणात मात्र कुत्रा नव्हता. पाच महिने झाले तरी नव्हता.

काकाजी म्हणजे आमच्या साईनगरातले 'नोड्यूज काकाजी'. जिल्ह्यातल्या एका बँकेत ३४ वर्षं पीककर्जाची प्रकरणं तपासून ते निवृत्त झाले, पण तपासणी काही निवृत्त झाली नाही. गणपतीच्या वर्गणीला गेलेल्या पोट्ट्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. "मांगच्या वर्षीचा हिशेब अन् टेन्टवाल्याचा नोड्यूज घेऊन या, मंग पाहू." पोट्टे हसत गेले. पण त्या निमित्तानं टेन्टवाल्याचे साडेचार हजार थकल्याचं उघड झालं आणि काकाजींना हे नाव पडलं. लोक चेष्टेनं हाक मारतात. ते मात्र पदवी मिळाल्यासारखे 'ओ' देतात.

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य असं, की कुठल्याही वस्तूची किंमत ते सोयाबीनमध्ये मोजतात. सूनबाईनं फ्रिज घेतला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नऊ क्विंटल गेले." कुत्र्याच्या हिशेबाला त्यांनी २०२४-२५चा हमीभाव धरला होता, ४,८९२ रुपये. पुढच्या हंगामाचा ५,३२८ जाहीर झाला, तरी त्यांनी आकडा बदलला नाही. "कागदावरच्या भाववाढीवर कुत्रं पोसल्या जात नाई," म्हणाले.

नातवाला हवा होता सेंट बर्नार्ड. तो राहतो पुण्यात, कुत्रा राहणार अमरावतीत, ही त्या मागणीतली पहिली गोम. काकाजींनी अर्ज रीतसर तपासला. सेंट बर्नार्ड हा मूळचा स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवरच्या खिंडीतला, समुद्रसपाटीपासून २,४६९ मीटर उंचीवरचा, एकेकाळी बर्फात वाट चुकलेल्यांना शोधणारा. आपल्याकडे मे महिन्यात बर्फ फक्त रसवंतीवर दिसतो. पारा ४५ च्या पुढे गेला की इथली माणसं दुपारी अकरानंतर आपल्याच अंगणात उतरत नाहीत, तिथे त्या केसाळ जनावरानं काय करायचं? मी गमतीनं म्हणालो, "उन्हाळ्यात चिखलदऱ्याला ठेवा." काकाजींनी ते गंभीरपणे घेतलं, चार महिन्यांचं खोलीभाडं काढलं आणि संध्याकाळी निरोप पाठवला : 'सेंट बर्नार्ड नामंजूर. कारण – हवामान.'

मग आला ग्रेट डेन. आखूड केसांचा, शांत, खांद्यापाशी अडीच फुटांच्या वर. पण इथेही काकाजींना खोट सापडलीच. नाव डेन्मार्कचं आणि जात घडली जर्मनीत. "म्हंजे सात-बाऱ्यावर नाव एकाचं अन् वहिती दुसऱ्याची," ते म्हणाले. तरी प्रकरण पुढे सरकलं, कारण अशा जमिनींवर त्यांनी आयुष्यभर कर्जं दिली होती.

पहिला अर्थसंकल्प त्यांनी घरीच केला. पिल्लू २५ हजार, म्हणजे पाच क्विंटल, "अन् बाजारात जो भाव खरंच भेटते त्यानं सव्वासहा." खाणं महिना अडीच हजार : भाकरी, दूध, उरलंसुरलं. पट्टा, भांडं, नाव घालायची पाटी. औषध 'किरकोळ'. हा कागद घेऊन आम्ही आमच्याकडच्या पशुवैद्य बाईंकडे गेलो. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "काकाजी, कुत्रा आणताय की चिमणी?"

पुढचा अर्धा तास काकाजींच्या पेनाला उसंत नव्हती. जंताची गोळी साधारण दहा किलोला एक, म्हणजे शेजारच्या पामेरियनला अर्धी पुरते, तर साठ किलोच्या डेनला सहा. गोचिडाचं औषध वजनावर, भूल वजनावर, प्रतिजैविकं वजनावर. मोठ्या जातीच्या पिलांचं खाद्य वेगळं, कारण त्यांना भराभर वाढवायचं नसतं, सावकाश वाढवायचं असतं. अडीच हजारांचे आठ हजार झाले. लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू, मग बूस्टर, तीन महिन्यांनंतर रेबीजची. काकाजींनी मध्येच विचारलं, "हाडं मजबूत व्हाले कॅल्शियमची बाटली लावू का रोज?" बाई खुर्चीतून जवळजवळ उठल्याच. मोठ्या जातीच्या पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम बाहेर ठेवता येत नाही, म्हणाल्या. ते आत शिरतं आणि वाढीच्या वयात हाडंच वाकडी होतात. आमच्याकडे प्रेमाचं पहिलं माप कॅल्शियमची बाटली आणि दुसरं तूप. दोन्हींवर त्या दिवशी काट मारली गेली.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "या कुत्र्यांचं पोट फुगून पिळा पडतो. काही तासांत जीव जाऊ शकतो. एकदम भरपूर खायला घालायचं नाही, दोन-तीनदा थोडं थोडं, आणि जेवल्यावर पळवायचं नाही."

काकाजींचा चेहरा उजळला. ही भाषा त्यांची होती. त्यांनी लिहिलं : 'एकरकमी नको. हप्त्यानं.'

घरी आल्यावर बेरीज झाली. फक्त खाण्याचे वर्षाला ९६ हजार. डेन सात ते दहा वर्षं जगतो. त्यांनी आठ धरली : ७ लाख ६८ हजार. शिवाय अडीअडचणीला अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेपर्यंत जायच्या पेट्रोलची वेगळी ओळ, वर्षाला चार खेपा. काकाजी बराच वेळ आकड्याकडे पाहत राहिले. "मी याले पीककर्ज समजून राह्यलो होतो," म्हणाले, "हे तर मुदती कर्ज निंघालं."

मला वाटलं, फाइल बंद होणार. मी त्यांना सातारच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. त्यानं वाघापासून महाराजांना वाचवलं, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, असं सांगतात, आणि माहुलीला त्याची समाधी आहे. मला प्रेमाबद्दल बोलायचं होतं. काकाजींनी वेगळंच ऐकलं. "पाह्य! कुत्र्याले जहागीर लावून देल्ली. म्हंजे उत्पन्नाचं साधन आधी." दुसऱ्या दिवशी त्यांनी एका मुदत ठेवीचं व्याज कुत्र्याच्या नावानं वेगळं काढलं. आमच्या कॉलनीत नातवंडांच्या नावानंसुद्धा एवढी तरतूद कुणी केलेली नाही.

आता प्रश्न ब्रीडरचा. इथे काकाजींचं खरं तेज दिसलं. २०१७ च्या मे महिन्यात केंद्रानं कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले. ब्रीडरनं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय व्यायला लावायची नाही, जन्मभरात पाचांहून जास्त वेतं घ्यायची नाहीत. हे नियम काकाजींनी राजकमल चौकातून झेरॉक्स करून आणले आणि घडी घालून खिशात ठेवले. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रकही त्यांनी इतक्या मायेनं कधी ठेवलं नसेल.

पहिला ब्रीडर फोनवरचा. त्यानं पिल्लाचा फोटो पाठवला आणि लगेच पैसे भरायचा क्यूआर कोड.

"वय किती?"

"तीस दिवसांचं, काका. एकदम क्यूट."

"माय कोठी आहे?"

"माय... पुण्याले आहे, काका."

"अन् बाप?"

फोनवर क्षणभर काहीच नाही. "चॅम्पियन आहे, काका."

"तीस दिवसांचं लेकरू तुह्यापाशी अन् माय पुण्याले, तं दूध कोण पाजून राह्यलं, तू?" पिल्लू रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं टोपलीत येणार होतं, डिकीतून. काकाजींनी फोन ठेवला आणि फाइलवर शेरा मारला : 'तारण अस्तित्वात नाही.'

दुसरा बडनेऱ्याच्या बाजूचा. प्रत्यक्ष स्थळ तपासणी. टिनाच्या शेडमध्ये पाच जाती, एकाच नालीच्या कडेला. माणूस अगत्याचा, चहा पाजला. चेन्नईच्या केनेल क्लबचा वंशावळीचा कागद समोर ठेवला. काकाजींनी कागद उजेडात धरून पाहिला. वंशावळ चोख होती. मग त्यांनी मादी पाहिली, तिची लोंबलेली सडं पाहिली आणि हळूच विचारलं, "हे कितवं वेत?" तो म्हणाला, दुसरं. शेजारी खेळणारं त्याचं पोरगं म्हणालं, "नाई बाबा, सहावं नाई का?" काकाजी उठले. परतताना गाडीत एकच वाक्य बोलले, "सात-बारा चोख अन् विहिरीले पाणी नाई, असे लय पाह्यले."

त्या मादीबद्दल ते पुढे बरेच दिवस बोलत राहिले, हे मला इथे नोंदवायचं आहे. हिशेबी माणसाला मन नसतं, असं आमच्या कॉलनीत मानतात.

तिसरं नाव पशुवैद्य बाईंनीच सुचवलं. अकोल्याच्या एक निवृत्त शिक्षिका, घरी एकच डेन मादी, वर्षा-दीड वर्षात जमलं तर एक वेत. आम्ही सकाळी निघालो. २०२२ च्या जूनमध्ये याच महामार्गावर लोणी ते माना एकपदरी ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव गेलं. त्या पट्ट्यावर गाडी लागली तेव्हा काकाजी खिन्न झाले. "रस्ता पाच दिवसात झाला," म्हणाले, "अन् माही फाइल पाच महिन्यापासून."

घर गोरक्षण रोडच्या आतल्या गल्लीत. कूलरसमोर एक राखाडी डोंगर झोपला होता. तो उठला, चालत आला आणि पाय न उचलता, मानही फारशी न वाकवता टेबलावरचे काकाजींचे पोहे खाऊन परत जाऊन झोपला. जाताना लाळेची एक लांब तार हिरव्या फाइलवर सोडून गेला. डाग नेमका 'नैसर्गिक आपत्ती' या रकान्यावर पडला.

काकाजींनी प्रश्न सुरू केले. दोन्ही मायबापांच्या खुब्यांचे एक्स-रे? मॅडमनी काढून दाखवले. नोंदणी? भिंतीवर होती. लसीचं कार्ड, मायक्रोचिपचा नंबर, वेतांची वही, सगळं होतं. आगाऊ किती? "आगाऊ घेत नाही. पिल्लं झालीच नाहीत तर कशाचे पैसे?" पुढे जमलं नाही तर? "मला परत आणून द्यायचं, दुसऱ्याला विकायचं नाही. तसं लिहून घेते." काकाजी हरखले. परताव्याचं कलम त्यांना कुणा कर्जदारानं स्वतःहून कधी देऊ केलं नव्हतं. त्यांनी पेनचं टोपण लावलं. म्हणजे प्रकरण मंजूर.

"झालं तुमचं?" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःची वही उघडली.

घर स्वतःचं का? फरशी कोणती? गुळगुळीत टाइल असेल तर पिल्लाचे पाय घसरतात, सांधे बिघडतात, गालिचे टाकावे लागतील. जिना किती पायऱ्यांचा? मे महिन्यात दुपारी वीज गेली तर? दिवसात किती तास एकटा राहील? फिरवणार कोण? तुमचं वय? त्रेसष्ट? म्हणजे कुत्रा आठ वर्षांचा होईल तेव्हा एकाहत्तर. साठ किलोनं मांजर पाहून झेप घेतली तर दोरी कोण धरणार? काकाजी उत्तरं देत होते, पण आवाज दर प्रश्नाला उतरत होता. खुर्चीच्या पुढच्या कडेवर, गुडघे जुळवून, फाइल छातीशी धरून बसलेला हा माणूस मी आधी पाहिला होता. बँकेत, त्यांच्याच टेबलासमोर.

"आणि काकूंना विचारलं का?"

कूलरचा आवाज तेवढा राहिला.

३४ वर्षं या माणसानं शेतकऱ्यांना परत पाठवलं होतं. बायकोले घेऊन या, तिची सही पायजे, तिले माहीत नसलेलं कर्ज मी देत नाई. उन्हात बायका यायच्या, सही करायच्या, कित्येकींना नवऱ्याचं कर्ज तिथेच पहिल्यांदा कळायचं. काकाजींना त्याचा अभिमान होता आणि तो रास्त होता.

"नाई विचारलं जी," काकाजी म्हणाले.

"मग त्यांना घेऊन या," मॅडमनी वही मिटली. "दिवसभर घरी त्या राहणार."

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा ते एवढंच बोलले, "बाईचा तपास पक्का हाय."

काकूंनी फाइल दोन दिवस ठेवून घेतली. पानं उलटली, बेरजा तपासल्या, एके ठिकाणी चारशे रुपयांची चूक काढली. मग शेवटच्या पानावर सहीच्या जागी लिहिलं : 'सोफ्यावर चढणार नसेल तर.' काकाजींनी अकोल्याला फोन लावून विचारलं. मॅडम खूप वेळ हसल्या.

यादीत नाव चौथं लागलं आहे, पिल्लं दिवाळीनंतर. काल अर्थसंकल्पात नवी ओळ चढली : दुसरा सोफा, १८ हजार, पावणेचार क्विंटल.