ॲड्रेस परत टाकून बघू

निवृत्तीनंतर टाकवे बुद्रुकला बंगला बांधून वरच्या खोलीत मॉडेल रेल्वे मांडणारे काका तुमच्या माहितीत असतीलच. नसतील तर वडगाव, कामशेत, तळेगाव, कुठेही चौकशी करा. 1:87 प्रमाणातली गाडी, 16.5 मिलिमीटर रुंदीचा मार्ग आणि मोबाइलवरून हलणारे सांधे. यातलं शेवटचं आपण सौजन्याने खरं धरायचं. बोट लावलं की सांध्याची मोटर 'खट्' करते, रुळाची जीभ अर्ध्यावर थांबते आणि पुढचा डबा एकीकडे, मागचा दुसरीकडे जातो. काका चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "ॲड्रेस परत टाकून बघू." ॲड्रेस म्हणजे मोबाइलचा हुकूम नेमक्या सांध्याला पोचावा म्हणून त्याला दिलेला क्रमांक. मोटर तापली, ॲड्रेस. वायर निसटली, ॲड्रेस. गावातली लाईट गेली, तर ती येईपर्यंत वहीतले ॲड्रेस तपासून घेतात.

माझं म्हणणं असं की काकांना बिघाडही आपल्या तोलामोलाचा लागतो. जन्मभर कारखान्यातली कंट्रोल पॅनेल सांभाळलेल्या माणसाला खडीच्या एका कणाने हरवावं, हे त्यांना पटत नाही. पण पुरावा बघितला तर गुन्हेगार बहुधा तोच निघतो. रुळांमध्ये चिकटवलेल्या बारीक खडीचा कण सुटतो आणि जीभ व मुख्य रूळ यांच्या फटीत जाऊन बसतो. अंदर मावळात पाऊस लागला की प्लायवूड फुगतं आणि खालून येणारी मोटरची तार भोकाच्या कडेला अडकते. कॉइलच्या मोटरला झटका क्षणभरच लागतो, पण जोरदार लागतो. लांबच लांब बारीक वायरीतून तो पोचेपर्यंत लुळा पडतो. यांपैकी कशालाच ॲड्रेस नसतो.

यावर कुणी म्हणेल, डिजिटलचे बिघाड काय खोटे? मुळीच नाहीत. एका कंपनीचा कंट्रोलर आणि त्याचा हुकूम वाचून सांधा हलवणारा दुसरीचा डीकोडर यांची ॲड्रेसची मोजणी चारने सरकते, पहिला सांधा दाबावा तर पाचवा हलतो, हे छंदिष्टांना चांगलं ठाऊक आहे. पण हा घोळ पहिल्याच दिवशी दिसतो आणि रोज तसाच दिसतो. रविवारी चाललेला सांधा सोमवारी अडला, तर त्याने रात्रीतून ॲड्रेस बदललेला नसतो. खरा पेच वेगळाच आहे. डीकोडरला वीज रुळातूनच दिलेली असली आणि इंजिन उलट लागलेल्या सांध्यावर चढलं, तर शॉर्ट होतो आणि रुळाला वीज पुरवणारा बूस्टर ती तोडतो. आता वीज यायला सांधा बदलायला हवा, आणि सांधा बदलायला वीज. सरकारी कचेरीतही इतका निर्दोष पेच सहजी मिळत नाही. उपाय साधा आहे, सांध्यांसाठी वीज वेगळी ओढायची. पण त्यासाठी टेबलाखाली शिरावं लागतं आणि गुडघे त्याला राजी नसतात. ॲड्रेस खुर्चीत बसून बदलता येतो.

काकांचा आदर्श असलेली खरी रेल्वे मात्र इतकी भाबडी नाही. हुकूम सोडला म्हणजे सांधा लागला, असं तिथे कुणी धरत नाही. जीभ रुळाला भिडली आणि कुलूप बसलं, ही खबर परत आली तरच सिग्नल मिळतो. बोरघाटाच्या उतारावर तर ताबा सुटलेल्या गाडीला अडवणाऱ्या कॅच साइडिंगचा सांधा मुळातच गाडीवर अविश्वास ठेवून लावलेला असतो. काकांच्या मोबाइलवर बोट टेकताक्षणी हिरवी खूण उमटते; जीभ कुठे आहे, याची तिला वार्ताही नसते.

मग सांधा सरळ हाताने का सरकवत नाहीत, असं तुम्ही विचाराल. इथे मला नाइलाजाने काकांची बाजू घ्यावी लागते. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. तिकीट काढून आलेल्या पोरांपुढे तिथे गाडी धावावीच लागते. काका ते बघायला जातात आणि जरा हिरमुसून परततात, कारण "सगळंच चालू होतं." टाकव्यातल्या पोरांचा हिशेब ते जाणून आहेत. गाडी बिनबोभाट फिरली की पोरं पाच मिनिटांत जिना उतरतात. सांधा अडला तर दिवेलागणीपर्यंत हलत नाहीत. एक टेबलाखाली बॅटरी धरतं, दुसरं मल्टिमीटरचे आकडे ओरडून सांगतं, आणि ज्या घरात एरवी टीव्हीच बोलतो तिथे चार जण एकदम भांडत असतात.

तेव्हा कधी त्यांच्याकडे गेलात तर खिशात जुना टूथब्रश ठेवा. खडी झाडायची ती काका चहा सांगायला आत गेल्यावरच. सांधा चालला, तर ॲड्रेसमुळेच चालला म्हणा.