डॉलर पडला हो!

गणपतीची वर्गणी मागायला गेलं की लोक विचारतात, "किती?" म्हाताऱ्या घोड्याच्या औषधपाण्यासाठी गेलं की विचारतात, "पण तो करतो काय?"

काहीच करत नाही. वय पंचवीसच्या आसपास, गुडघे धरलेले, दात झिजलेले. बदलापूरच्या पुढे एक जोडपं टाकून दिलेली जनावरं सांभाळतं. तिथं तो खातो, उभा राहतो आणि कंटाळा आला की उभ्याउभ्याच झोपतो. नाव डॉलर. जुन्या मालकानं कोणत्या आशेनं ठेवलं असेल ते उघड आहे, पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या नावानं फार गोंधळ घातला. "डॉलर रात्रीपासून पडलाय, तातडीनं मदत हवी," असं मी भल्या पहाटे लिहिलं. चहा होईपर्यंत तिघांनी सोन्याचा भाव टाकला, एकानं अमेरिकेतल्या मुलाला झोपेतून उठवलं आणि सी विंगमधून सल्ला आला, "घाबरू नका, होल्ड करा."

डॉलरला पोटशूळ झाला होता. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेल्या ऐवजाला पुढचीच वाट, आणि ती तुंबली की प्रकरण जिवावर बेततं. डॉक्टरांनी पोटाला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. (घोड्याचं पोट गुडगुडत असलं पाहिजे, शांत पोट वाईट.) मग नाकातून नळी घातली आणि मला चार लिटर लिक्विड पॅराफिन आणायला पिटाळलं. औषधाच्या दुकानातल्या मुलानं एक बाटली पुढे करून सांगितलं, "रात्री झोपताना दोन चमचे." मी म्हटलं, "चार लिटर." त्यानं माझ्या पोटाकडे अतिशय आदरानं पाहिलं.

औषधं वजनावर असतात, आणि चारशे किलोच्या पेशंटचं बिलही अंगापिंडानं तसंच असतं. ते घेऊन मी दारोदार फिरलो. तळमजल्यावरच्या काकूंनी पैशांआधी हिंगाची डबी दिली : "कालवून बेंबीभोवती लावा, वारा सरतो." चारशे किलोच्या, लाथा झाडणाऱ्या प्राण्याची बेंबी शोधायचं काम कोणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या मजल्यावर ८०जी मिळेल का, अशी चौकशी झाली. एका गृहस्थांनी आवाज खाली आणून विचारलं, "घोडा काळा आहे का?" काळ्या घोड्याची नाल दारावर ठोकली की साडेसाती सुसह्य होते म्हणे; तिच्यासाठी ते हवी ती रक्कम मोजायला तयार होते. डॉलर तांबडा आहे. शिवाय डांबरी रस्ता सुटल्यापासून तो अनवाणीच असतो. गृहस्थांनी दार लोटलं. घोडा जगावा म्हणून काही नाही, पण त्याच्या चपलेला मागणी!

शेवटी बी विंगमधल्या बँकवाल्या काकांकडे गेलो. काका निवृत्त होऊन इतकी वर्षं झालीत की त्यांच्या पेन्शनलाच आता बढती मिळायला हवी. त्यांचाही तोच प्रश्न : "पण तो करतो काय?"

"आता काही नाही. पूर्वी मरिन ड्राइव्हला व्हिक्टोरिया ओढायचा," मी म्हणालो. २०१५ साली उच्च न्यायालयानं मौजेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या. पुढे २०२१मध्ये मुंबईत बॅटरीवरच्या व्हिक्टोरिया आल्या. म्हणजे गाडीचं पुनर्वसन व्यवस्थित झालं.

काका ताठ बसले. "म्हणजे नोकरी झालेली आहे! मग 'मदत' काय लिहिता भिकाऱ्यासारखं? पेन्शन लिहा. जन्मतारखेचा पुरावा?"

"दात."

घोड्याच्या वरच्या जबड्यातल्या पुढच्या दातांपैकी कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास एक खाच उमटते, विसाव्यापर्यंत दातभर पोचते आणि मग वरून पुसत जाते. डॉलरची निम्मी पुसली आहे. काका म्हणाले, "आमच्या बँकेचा शिक्कासुद्धा इतका टिकत नसे." मग मी संधी साधून सांगितलं, की घोड्याच्या दाढा आयुष्यभर हिरडीतून बाहेर सरकत राहतात, झिजून कडा धारदार होतात, घास नीट चावला जात नाही आणि तोच पुढे आतड्यात अडकतो, म्हणून त्या वरचेवर कानशीनं घासाव्या लागतात. "आवर्ती खर्च," काका पुटपुटले आणि त्यांनी वही उघडली.

त्या दिवसापासून वसुली काकांकडे गेली. सोसायटीतल्या यच्चयावत पेन्शनरांवर त्यांनी दरमहा रक्कम बसवली. डॉलरचा आजच्या वर्तमानपत्रासोबतचा फोटो त्यांना हयातीचा दाखला म्हणून हवा असतो. पहिल्या खेपेला दाखला देणाऱ्यानं वर्तमानपत्र खाल्लं.

नळी घातल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी डॉलरला लीद झाली. तिचा फोटो मी ग्रुपवर टाकला. बारावीच्या निकालाला येत नाहीत इतके अंगठे आणि पुष्पगुच्छ आले. "आमचा डॉलर सावरला," असं सी विंगनंही लिहिलं.

आता बिल भागून थोडे पैसे उरलेत. सेक्रेटरींचा डोळा लिफ्टच्या दुरुस्तीवर आहे. काकांनी मात्र त्या जोडप्याच्या नावानं मुदत ठेवीचा फॉर्म आणून भरलासुद्धा. फक्त नॉमिनीच्या रकान्यापाशी आमचं घोडं अडलंय. तळमजल्यावरच्या काकूंनी डॉलरशेजारी बांधलेल्या गाढवाचं नाव सुचवलंय. सेक्रेटरींना तो टोमणा वाटला.